नाचणीच्या नावावर

नाचणीला मी दोष देत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आमच्या समोरच्या जयम्मा पुन्हा डोळ्याला पदर लावून बसतील. नाचणीनं बिचारीनं काही केलेलं नाही. माझ्या अंगातून रक्त चाललं होतं आणि ते मी तिच्या नावावर खपवत होते, एवढंच. आणखी थोडे दिवस खपवलं असतं तर हे लिहायला मी उरले नसते.

आम्ही राजाजीनगरातले. किती पिढ्यांपासून ते कुणाला ठाऊक. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि भांडताना दोन्ही. घराखालीच यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, शिवणकामाचं दुकान. ब्लाउज हे शिवतात आणि साडीच्या पदराला रेशमाचे गोंडे मी बांधते. इथं त्याला कुच्चू म्हणतात. पदराच्या दशा चिमटीत धरायच्या, वर रेशमाचा धागा गुंडाळायचा आणि गाठीवर गाठ मारत जायचं. सगळं काम बोटांच्या टोकांचं. आणि दुखणं आलं ते नेमकं बोटांतच.

सकाळी उठलं की मुठी वळायच्या नाहीत. दुधाची पिशवी दातानं फोडायची. फार मागे एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, "संधिवात दिसतोय. दहा दिवस ही गोळी घ्या, रक्त तपासा आणि परत या." दहा दिवसांत बोटं अशी मोकळी झाली की मी म्हटलं, आता परत कशाला जायचं? गोळी लागू पडली, संपलं. तेव्हापासून तीच गोळी. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला मला बघितलं की हात फळीकडे नेत विचारायचा, "अदेना, अक्का?" म्हणजे, तीच ना? तीच रे बाबा. कधी मी आणायची, कधी हे आणायचे. वर्षं गेली.

त्या गोळीचं नाव आमच्या घरात "हाताची गोळी". खरं नाव कुणी वाचलंच नाही. सकाळी डोळे उघडले की आधी हाताची गोळी, वर कॉफी, मग दिवस सुरू. सुरुवातीला डॉक्टरांनी सोबत पित्ताची कॅप्सूल दिली होती, ती मीच बंद केली. मला कुठं पित्त होतंय? उगाच एक गोळी जास्त. किती शहाणी होते बघा मी!

*

जयम्मा आमच्या समोरच्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, पण मला अक्का म्हणतात आणि मी त्यांना. माझी बोटं बघून त्या हळहळायच्या. "अक्का, हाडात दम नाही तुमच्या. भात सोडा, रागी खा," असं म्हणून त्यांनी मला मुद्दे वळायला शिकवलं. नाचणीच्या पिठाचा तो गरम गोळा, सोबत सारू, म्हणजे पातळ आमटी. सकाळी आंबील, दुपारी मुद्दा. मला आवडायलाही लागला. म्हटलं, चला, आत्ता सुधारणार आपली हाडं.

त्यानंतर काही महिन्यांनी संडासचा रंग बदलला.

आपल्यात हे बोलायची पद्धत नाही, मला माहीत आहे. पण ही लाज सोडल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. काळा रंग. पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहणारा. वास असा की मी उदबत्ती लावून बाहेर यायची. मनात म्हटलं, नाचणी! नाचणी काळपटच ना, मग बाहेर येणार कशी? जयम्मांना गच्चीवर कपडे वाळत घालताना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "रागी तिंद्रे हागेने, अक्का." नाचणी खाल्ली की असंच. झालं, माझी खात्री पटली. घरात मी कुणाला बोलले नाही. काय बोलायचं, अहो आज माझी संडास काळी झाली?

त्याच दिवसांत गच्चीचा जिना चढताना धाप लागायला लागली. उभी राहिले की डोळ्यापुढे अंधारी. ओठ पांढरे पडले होते म्हणे. मला ते आरशात दिसले नाहीत. माझी मुलगी रूपा म्हणाली, "अम्मा, तू फिकट दिसतेस." मी म्हटलं, "लग्नसराई आहे, बये. सीझन संपला की लाल होते." पोट दुखलं का विचाराल तर नाही. कधीच नाही. तेच तर फसवं होतं. दुखणं कळू नये म्हणूनच ती गोळी होती.

*

शनिवार होता. शनिवारी माझा उपास. एका मुलीच्या लग्नाच्या साड्या संध्याकाळी द्यायच्या होत्या आणि शालूचे गोंडे अर्धे राहिले होते. हात फार दुखत होते, म्हणून एक गोळी सकाळी आणि एक परत दहाच्या सुमाराला. उपासाला गोळी चालते, गोळीत काय मीठ असतं? पोटात बाकी कॉफी. दोनदा.

धागा ओवताना दिसेना. आधी वाटलं, चष्मा पुसला पाहिजे. मग अंगाला दरदरून घाम सुटला आणि मळमळून आलं. मी कशीबशी मोरीपर्यंत गेले आणि उलटी झाली. तपकिरी-काळी, कणी कणी. तोंड धुतलं आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसले.

रूपाचं ऑफिस कोरमंगल्यात, पण त्या दिवशी ती घरीच होती. धावत आली. मी म्हटलं, "काही नाही गं, कॉफी उलटली. उपाशी पोटी दोनदा प्याले ना. चोथा बघ कसा पडलाय." ती वाकून बघत राहिली. मला वाटलं, आता ओरडणार. पण ती अगदी हळू म्हणाली, "अम्मा, चोथा फिल्टरमध्ये राहतो. तू खाली गाळून आलेलं डिकॉक्शन पितेस. चोथा तुझ्या पोटात कसा जाईल?"

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. लहानपणी ताप आला की ती तशी बघायची. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. नाचणी नाही, कॉफी नाही, मग हे काय आहे?

*

गाडीत रूपाच्या मांडीवर डोकं होतं. हे पुढे बसले होते आणि ड्रायव्हरला सारखे म्हणत होते, "स्वल्प बेगा, अण्णा, स्वल्प बेगा." जरा लवकर. मला वाटत होतं, मी इथंच जाणार, या ट्रॅफिकमध्ये, आणि त्या मुलीचा शालू अर्धाच राहणार. मरताना माणसाला काय काय सुचतं!

इमर्जन्सीत एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, संडास काळी होते का? मी यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात असं काही आम्ही बोललो नव्हतो. मी म्हटलं, "होते, पण ती नाचणीनं." तिनं लिहिणं थांबवलं. "चिकट? डांबरासारखी? घाण वास?" मी मान हलवली. "नाचणीनं रंग थोडा गडद होईल. असं होत नाही, आंटी. हे रक्त आहे. पोटात रक्त वाहिलं की ते काळं होऊन येतं."

हे माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"पेनकिलर घेता?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "नाही." आणि मी खोटं बोलत नव्हते! पेनकिलर म्हणजे माझ्या डोक्यात डोकेदुखीची, दाढदुखीची गोळी. मला कुठं डोकेदुखी होती? तेव्हा हे मागून म्हणाले, "ती हाताची गोळी घेतेस ना गं?" रूपानं माझी पर्स उपडी केली. पाकीट बघून डॉक्टरीणबाईनं विचारलं, "कधीपासून?" आम्ही तिघं वर्षं मोजायला लागलो. खरंच कुणाला सांगता येईना.

*

जठरात जखम होती. दुर्बीण घालून बघितली, तिथंच रक्त थांबवलं. दुर्बिणीचं मी फार सांगत नाही. वाटते तितकी वाईट नसते आणि मला काही आठवतही नाही. त्याच्या आधीचं आठवतं. सह्या करताना यांचा हात. सरळ रेषेत कापड कापणारा माणूस, त्याला आपलं नाव धड लिहिता येईना.

मग रक्त चढवलं. दुसऱ्याचं लाल रक्त नळीतून थेंब थेंब येताना बघून मी रडले. कुणाचं असेल, कोण कधी येऊन देऊन गेलं असेल. त्याला माझं नावही माहीत नाही.

वाटलं, सुटले. पण दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले आणि म्हणाले, जखम भरेल, मला काळजी किडनीची आहे. त्या गोळीनं किडन्यांवरही परिणाम केलाय, शिवाय रक्त कमी झाल्याचा ताण पडलाय. क्रिएटिनिन वाढलेलं आहे. रोज बघू. आणि जाता जाता दाराशी ते दुसऱ्या डॉक्टरांशी बोलले, त्यातला एकच शब्द मला ऐकू आला. डायलिसिस.

आमच्या नात्यातल्या एका काकांचं डायलिसिस मी पाहिलं होतं. हाताची शीर फुगलेली, पाणी मोजून पिणारे, आठवड्यातले अर्धे दिवस यंत्राशी बांधलेले. तो शब्द ऐकला आणि माझ्या अंगातली उरलीसुरली ऊब गेली. त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. सकाळी रक्त घ्यायला कुणी आलं की मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायची, जणू त्याला आधीच माहीत आहे. दुपारी रिपोर्ट यायचा. तोपर्यंत जीव टांगणीला. पहिल्या दिवशी आकडा वर गेला. दुसऱ्या दिवशी आणखी वर.

आणि याच दिवसांत हात पेटले. गोळी बंद. इतकी वर्षं त्या गोळीनं दाबून ठेवलेलं सगळं एकदम उसळून आलं. बोटं सुजून लाल झाली, मनगट हलेना. परकराची नाडी मला बांधता येईना, ती हे बांधायचे, पडदा ओढून. मी गाठी मारून पोट भरणारी बाई, आणि माझीच गाठ नवरा मारतोय. मला हसूही यायचं आणि संतापही.

एका दुपारी मी नर्सचा हात धरला आणि म्हटलं, "एक द्या. अर्धी द्या. कुणाला सांगणार नाही." ज्या गोळीनं मला मरणाच्या दारात नेलं तिचीच मी भीक मागत होते. दुखणं माणसाला असं करतं. ज्यांना दुखत नाही त्यांना हे कळायचं नाही आणि त्यांनी "का घेतल्यास इतक्या गोळ्या?" असं विचारूही नये.

नर्स रागावली नाही. ती गेली आणि रबरी हातमोज्यांत कोमट पाणी भरून, तोंड बांधून घेऊन आली. टॉवेलात गुंडाळून तिनं ते माझ्या तळहातांवर ठेवले. कुणीतरी हात हातात घेऊन बसल्यासारखं वाटलं. दुखणं थांबलं नाही, पण मी जरा झोपले. तिची ड्यूटी असेल तेव्हा ती न विचारता ते मोजे आणायची.

*

घरच्यांचंही सांगितलं पाहिजे. एका संध्याकाळी मी झोपले आहे असं समजून रूपा यांना बोलत होती. "अण्णा, तुम्हीच आणून देत होता! एकदा तरी मागची बाजू वाचायची." हे म्हणाले, "ती गोळी घेतली की तुझी अम्मा हसायची गं. मी ते बघून आणायचो."

मी डोळे उघडले आणि रूपाला म्हटलं, "त्यांना बोलायचं नाही. आणि मलाही नाही. बोलायचंच असेल तर उद्याचा रिपोर्ट चांगला यावा म्हणून देवाला बोल." ती पलंगाच्या कडेवर डोकं ठेवून रडली. माझ्या सुजलेल्या हातांनी मला तिचे केसही नीट कुरवाळता येईनात.

दुसऱ्या दिवशी आकडा तिथंच थांबला. मग उतरायला लागला, अगदी कंजूसपणानं. मोठे डॉक्टर पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले. म्हणाले, डायलिसिस लागणार नाही, सध्या तरी. पण किडनी पूर्वीसारखी होईल असं सांगत नाही. आणि या जातीची एकही गोळी आता तुम्हाला चालणार नाही, कुठल्याही नावानं. "सध्या तरी" हे दोन शब्द मी घरी घेऊन आले. ते अजून माझ्याजवळ आहेत.

*

सांध्यांच्या डॉक्टरांकडे आता जाते. त्यांनी सांगितलं, हा झिजेचा वात नाही, शरीरच सांध्यांवर उलटतं तो आहे. त्यावर मुळापासूनचं औषध वेगळं असतं. ते वेळेवर मिळालं असतं तर बोटं इतकी वाकली नसती. गोळीनं दुखणं झाकलं आणि आत वात आपला कारभार करत राहिला. आता औषध चालू आहे, माझ्या किडनीला झेपेल असं, सारखं रक्त तपासत. गुण येतोय, स्वल्प स्वल्प. साधे गोंडे बांधते. मण्यांचे, जाळीचे आता नाही जमत. त्या मुलीचा शालू जयम्मांच्या सुनेनं पुरा केला होता. वाकडातिकडा केलाय, पण केलाय.

तुमच्या पर्समध्ये अशी एखादी "गुडघ्याची गोळी" किंवा "कंबरेची गोळी" असेल, तर आज तिचं खरं नाव वाचा आणि डॉक्टरांना विचारा, ही मी किती दिवस घ्यायची? मेडिकलवाल्याला नाही, डॉक्टरांना. आणि काळं, चिकट काही दिसलं तर नाचणीवर, लोहाच्या गोळीवर, कशावरही ढकलू नका. त्याच दिवशी हॉस्पिटलात जा. मला शिकवायची हौस नाही. मी फक्त घाबरलेली आहे आणि घाबरलेल्या माणसाचं ऐकावं.

जयम्मा मी घरी आल्यावर मुद्दा घेऊनच आल्या. मी खात नाही म्हटल्यावर रडायला लागल्या, "मीच घातलं तुम्हाला, अक्का." मी म्हटलं, नाचणी चांगलीच आहे, डॉक्टरांनी बंद नाही केली. मीच बंद केली आहे. मला रोज सकाळी रंग स्वच्छ दिसायला हवा, मध्ये कुणी नको. त्यांना ते पटलं की नाही, माहीत नाही. डबा परत नेला.

तर आता आमच्या घरात रोज सकाळी एक गंमत चालते. मी संडासात, हे बाहेर उभे. मी आतून ओरडते, "सरी आहे!" ठीक आहे म्हणून. मग यांची पावलं स्वयंपाकघराकडे जातात आणि हे न्याहारीच्या उपम्याचा रवा भाजायला लागतात. कॉफी आता उपम्यानंतर, अर्धा पेला. रूपा म्हणते, "शेजाऱ्यांना काय वाटेल?" वाटू दे.

मागच्या आठवड्यात मी ओरडले नाही.

रंग गडद होता. मी बघत राहिले. तो ट्रॅफिक, तो शब्द, सगळं परत. मनात पहिला विचार काय आला सांगू? काहीतरी खाल्लं असेल, बोलू नये, उद्या बघू. इतकं होऊनही तोच विचार! मला माझीच भीती वाटली.

बाहेरून हे म्हणाले, "काय गं?"

मी दार उघडलं. म्हटलं, "या आणि बघा."

हे आत आले. दुकानातला चष्मा डोळ्यावर होता, तो त्यांनी नीट केला. झरोक्याचा उजेड यावा म्हणून मला बाजूला सरकवलं आणि वाकले. ब्लाउजपीसला दोरा जुळवताना उन्हात धरून बघतात, तसं. घाई नाही, नाक मुरडणं नाही. मी भिंत धरून उभी होते.

"काळा नाही," हे म्हणाले. "शेवाळी आहे. गडद शेवाळी. काल दोन वेळ पालकाचं सोप्पू खाल्लंस."

तरी आम्ही त्याच सकाळी रक्त तपासून आलो. यांचं बरोबर निघालं. येताना रिक्षात हे म्हणाले, "आता पालकही बंद करणार काय?" मी म्हटलं, "करणार." आणि मला रडू फुटलं. रिक्षावाला आरशातून बघायला लागला तेव्हा हे त्याला म्हणाले, "एनू इल्ला, अण्णा, काही नाही. सगळं सरी आहे."

भीती गेलेली नाही. जाईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत आणि मीही आता विचारत नाही. सकाळ झाली की मी उठते, वाकड्या बोटांनी केस बांधते आणि आत जाते. हे बाहेर येऊन उभे राहतात. दाराची कडी मात्र मी आता लावत नाही.